गल्लीतला कल्ला आणि रात्रपाळीची झोप



दिवाळीच्या सुट्ट्या चालू असतानाच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्यातलेच एक गृहस्थ चर्चच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत थांबले होते. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण असे एक घर प्रत्येक गल्लीत असते. ते कोळसा खाणीत कामाला आहेत. रात्रपाळी करून सकाळी घरी येतात, अंघोळ करून चार घास खातात आणि झोपतात. त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच खिडकीखाली क्रिकेट सुरू होते.

"फादर, पोट्टे आयकूनच नाही राहिले," ते म्हणाले. "चार डाव सांगतलं. मायबापाले सांगाले गेलो त तेच भांडाले उठले."

मग त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. भिंतीला लावायची छोटी पेटी. कुत्री पळवण्यासाठी असे यंत्र ऑनलाइन मिळते. माणसाला ऐकू येणार नाही इतक्या उंच स्वरात ते वाजते आणि कुत्रे दूर जाते. कुणीतरी त्यांना सांगितले होते की असल्याच जातीची एक पेटी परदेशात मुलांसाठीही निघाली आहे. मोठ्यांना काही कळत नाही, पोरे मात्र पळतात. त्यांचा प्रश्न सरळ होता. "लावू का फादर? यात पाप आहे का?"

'लावू नका' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण का लावू नये, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. आणि रात्रभर जमिनीखाली काम करून आलेल्या माणसाला कारण न देता उपदेश करणे बरे नव्हे. विचार करून सांगतो, असे म्हणून मी त्यांना पाठवले. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

आधी त्यांची बाजू. आपल्या सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, खापरखेड्याला वीज केंद्र आहे. कितीतरी घरांची चूल पाळीच्या कामावर पेटते. या माणसांचे घड्याळ बाकीच्या गावाच्या उलटे चालते, आणि कायद्यालाही त्यांची ओळख नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत ठरली. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आता खाणीतल्या माणसाची रात्र सकाळी ९ ला सुरू होत असेल तर त्याने काय करायचे? अर्धवट झोपेचा माणूस संध्याकाळी पुन्हा खाणीत उतरतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याच्या जिवाला नसतो, सोबत्यांच्याही जिवाला असतो. पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो तेव्हा देवदूत त्याला बोध करत बसत नाही. खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो (१ राजे १९). तेव्हा "दिवसाढवळ्या कसली झोप?" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी जीभ आवरावी, ही माझी पहिली विनंती.

आता मुलांची बाजू. दोन खोल्यांच्या घरात सुट्टीच्या दिवशी मूल बसणार कुठे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपणच मुलांना नटवतो, हातात लाकडी बैलाची दोरी देतो आणि रस्त्यावर आणतो. दारोदार बोजारा देतो, कौतुक करतो. त्या एका दिवशी गाव मुलांचे असते. दुसऱ्या दिवसापासून तीच मुले, तोच रस्ता, आणि आपण दार उघडून ओरडतो. जखऱ्या संदेष्ट्याने देवाच्या कृपेने पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे चित्र रेखाटले आहे. त्यात काठी टेकत बसलेले म्हातारे आहेत आणि चौकात खेळणारी मुले-मुली आहेत (जखऱ्या ८:४-५). दोघे एकाच चौकात. हे दृश्य प्रत्यक्षात किती कठीण आहे, हे संदेष्ट्याला नक्कीच माहीत असणार!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस वाचावा लागतो. तेव्हा रुक्ष वाटलेली एक गोष्ट या निमित्ताने आठवली. खेळाविषयी लिहिताना ते म्हणतात की शरीराचा थकवा जसा विश्रांतीने जातो, तसा मनाचा थकवा खेळाने, गमतीने जातो. म्हणून खेळालाही सद्गुणांत जागा आहे. म्हणजे पाहा, झोपणारा खाणकामगार आणि ओरडणारी मुले हे एकमेकांचे शत्रू वाटतात, पण दोघे एकच वस्तू मागत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला, भारताने तो १९९२ साली मान्य केला. त्याच्या ३१ व्या कलमातही मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क एकाच वाक्यात सांगितला आहे.

भांडण न्याय आणि अन्याय यांच्यात असते तर सोपे होते. इथे दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. म्हणून प्रश्न उरतो तो साधनाचा.

त्या पेटीची माहिती मी काढली. वेल्समधल्या मर्थिर टिडफिल या गावच्या हॉवर्ड स्टेपल्टन यांनी २००५ साली ती बाजारात आणली. नाव ठेवले 'मॉस्किटो', म्हणजे डास. दुकानासमोर टोळकी करून उभ्या राहणाऱ्या पोरांचा त्रास, हे निमित्त. बॅरी या गावातल्या एका दुकानावर ती प्रथम लावून पाहिली. तिचा स्वर १७.४ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७,४०० कंपने. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखे टोक असलेल्या नाजूक पेशी असतात. सर्वांत उंच स्वर टिपणाऱ्या पेशी त्या शंखाच्या तोंडाशी असतात आणि वय वाढते तशा त्याच आधी झिजतात. म्हणून विशीतल्या मुलाला जो स्वर टोचतो, तो पंचविशी उलटलेल्या बहुतेकांना ऐकूच येत नाही. स्टेपल्टन यांना यासाठी २००६ साली 'इग नोबेल' हे थट्टेचे पारितोषिक मिळाले, तेही शांततेचे! पोरे त्यांच्याहून हुशार निघाली. त्यांनी तोच स्वर मोबाइलच्या रिंगटोनसाठी घेतला. वर्गात फोन वाजे, मुले ऐकत, आणि शिक्षक खडू घेऊन निवांत शिकवत राहत.

जून २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने सार्वजनिक जागांतून अशा यंत्रांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. कारण सांगताना तरुणांशी होणारा भेदभाव, त्यांच्या आरोग्याची काळजी, त्यांचा मान अशा गोष्टी आल्या. त्या बरोबरच आहेत. पण मला स्वतःला त्याहून साधी एक गोष्ट खटकते. जो माणूस ती पेटी लावतो, त्याला ती ऐकू येत नाही.

यावर थोडे थांबू या. मी खिडकी उघडून मुलांवर ओरडलो तर माझा आवाज मलाही ऐकू येतो. किती चढला, कुठे शिवी आली, हे मला कळते आणि थोड्या वेळाने लाजही वाटते. मुलाच्या आईला कळते. ती उत्तर देऊ शकते. ओरडणे वाईट असेल, पण त्यात समोरच्याला माणूस मानलेले असते. पेटीच्या बाबतीत मी बटण दाबतो आणि झोपतो. तिने कुणाला किती टोचले, याची मला खबरही लागत नाही. रस्त्यावरून खेळत गेलेला मुलगा आणि शेजारच्या घरात पाळण्यात असलेले दोन महिन्यांचे बाळ यांतला फरक तिला कळत नाही. मुलगा पळून जाईल. बाळ कुठे पळणार? ते रडेल, आणि त्याच्या आईला काहीही ऐकू येत नसल्यामुळे ते का रडते हे तिला कधीच समजणार नाही. शिवाय पेटी काही सांगतही नाही. 'काका झोपले आहेत' एवढे तीन शब्दसुद्धा ती बोलत नाही.

आपण शेतकरी माणसे. आवाजाने हाकलणे आपल्याला नवे नाही. संत्र्याच्या बागेत माकडे शिरली की डबे बडवतो, रानडुकराला आणि रोह्याला फटाक्याने पिटाळतो. जनावराला समजावता येत नाही, म्हणून आवाज. आणि तो आवाजही जनावरांपुरता राहतोच असे नाही. पाइपमध्ये कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून वायूचा बार काढण्याची जी युक्ती माकडांसाठी वापरली जाते, तिचीच खेळण्यासारखी बंदूक करून ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात विकली गेली, आणि अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. कुत्र्यासाठी बनवलेली पेटी मुलांवर वापरू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आवाजाचा बंदोबस्त करणारे प्रत्येक साधन वाईट असते, असे मात्र नाही. जानेवारी २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी केलेला एक प्रयोग गाजला होता. काही सिग्नलवर डेसिबल मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. फलकावर आकडा सर्वांना दिसत होता. हॉर्न न वाजवणाऱ्यालाही थांबावे लागे, हा त्यातला अन्याय खराच. पण शिक्षा उघड होती, कशासाठी हे कळत होते, आणि ती कशी टाळायची हेही कळत होते. लोक हसले आणि गप्प बसले.

इथे आपल्या चर्चविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्यांच्याच मुलांना शिस्त लावतो असे होईल. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. ते प्रकरण चेन्नईतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे होते. ध्वनिक्षेपक आणि ड्रम यांच्या आवाजाने शेजारची वसाहत त्रासली होती. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वृद्ध, आजारी, विद्यार्थी, पहाटे किंवा दिवसा झोपणारी मुले, यांचा विचार त्यात होता. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा मूलभूत हक्क नाही असे स्पष्ट केले. नाताळच्या आठवड्यात आपण स्पीकर लावतो तेव्हा हे आठवावे. पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला दिलेला आशीर्वादही शापच ठरतो, असे नीतिसूत्रांत एक मिस्कील वचन आहे (२७:१४).

मुलांच्या आवाजावरून झालेल्या भांडणांत सर्वांत जवळची गोष्ट मला एका संताच्या चरित्रात सापडली. इटलीतल्या ट्युरिन शहरात १८४० नंतरच्या काळात फादर जॉन बॉस्को रविवारी गरीब मुले गोळा करत. गवंड्याच्या हाताखालची, धुराडी साफ करणारी, आठवडाभर राबणारी ही पोरे. एकच दिवस सुट्टीचा, त्यामुळे कल्लाही सहा दिवसांचा साठलेला. मे १८४५ मध्ये एका जुन्या कबरस्तानाच्या प्रार्थनालयापाशी त्यांनी मुलांना नेले, तर तिथल्या धर्मगुरूंची घरकाम करणारी बाई संतापली. एकाच रविवारात तिथून बाहेर. मग डोरा नदीकाठच्या पिठाच्या गिरण्या. तिथूनही तक्रार गेली. हिवाळ्यात मोरेता नावाच्या धर्मगुरूंच्या घरातल्या खोल्या भाड्याने घेतल्या. इतर भाडेकरू कंटाळले. १८४६ च्या वसंतात एक मोकळे कुरण मिळाले. मालक म्हणाले, पोरांच्या पायांनी गवताची मुळेसुद्धा मेली! शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पिनार्दी नावाच्या माणसाची एक बसकी पडवी मिळाली, आणि मुले तिथे टिकली. १९३४ साली बॉस्को यांना संत घोषित केले गेले. त्यांनी आपल्या संघाला नाव दिले संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे. आपल्या नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, तेच सौम्य स्वभावाचे संत.

चरित्रे वाचताना हे सगळे शेजारी आपल्याला खलनायक वाटू लागतात. मला ते पटत नाही. गिरणीतली माणसे दमलेली होती, भाडेकरूंची रविवारची दुपार गेली होती, गवत खरोखर मेले असणार. त्यांची तक्रार खोटी नव्हती. डॉन बॉस्को यांनीही ती खोटी ठरवली नाही. ते मुलांना घेऊन निघाले आणि दुसरी जागा शोधली. पुन्हा निघाले, पुन्हा शोधली. ज्यांनी हाकलले त्यांनी फक्त हाकलले. मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणी विचारला नाही.

आजही हेच घडते. जपानमधील नागानो शहरात आओकिजिमा भागातली मुलांची बाग शेजारून वर्षानुवर्षे येणाऱ्या तक्रारींनंतर एप्रिल २०२३ अखेर बंद झाली. त्याच देशात टोकियोने २०१५ मध्ये लहान मुलांचा आवाज ध्वनिमर्यादेच्या आकड्यांतून वगळला होता. जर्मनीने २०११ साली कायद्यातच लिहिले की बालवाड्या आणि खेळाची मैदाने यांतून येणारा मुलांचा आवाज सहसा हानिकारक मानायचा नाही. चांगले कायदे आहेत. पण रात्रपाळीच्या माणसाला त्यांनी झोप येणार नाही.

आता पुन्हा आपल्या गल्लीत येतो. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी तिथे गेलो. डब्बा ऐसपैस चालले होते. खेळ थांबवून मी मुलांना विचारले, "अरे, दुसरीकडे जागा नाही का खेळायला?" एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "होती नं फादर. तुमीच त कुलूप लावलं."

खरे होते. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात चेंडूने कुंड्या फुटल्या, एकदा ग्रोटोतल्या मेणबत्त्या आडव्या झाल्या, आणि रागाच्या भरात बाजारातून कुलूप मीच आणले. माझी दुपार शांत झाली. आवाज कुठे गेला, हे मी कधी पाहिले नाही. तो पाचशे पावलांवर, त्या गृहस्थांच्या खिडकीखाली गेला होता. मंदिरात ओरडणाऱ्या मुलांबद्दल प्रभू येशूकडे तक्रार घेऊन आलेल्या मुख्य याजकांवर (मत्तय २१:१५-१६) मी कितीतरी वेळा प्रवचन दिले आहे. त्या दुपारी मी कोणाच्या जागी उभा होतो, हे वेगळे सांगायला नको.

मग आम्ही बसलो: ते गृहस्थ, तीन घरांचे आईवडील आणि सात-आठ मुले. "पोरे आहेत, खेळणारच" हे वाक्य कुणी बोलायचे नाही आणि "पोरांना वळण नाही" हेही नाही, एवढे आधी ठरवले. मुलांना हे काका रात्री काम करतात हेच ठाऊक नव्हते. दिवसा झोपतात म्हणजे आळशी असतील, असा त्यांचा समज. एकाने विचारले, खाणीत अंधार असतो तर दिसते कसे? टोपीवरच्या दिव्याची गोष्ट निघाली आणि बैठक अर्धा तास लांबली.

पाळी आठवड्याने बदलते, त्यामुळे ठरावीक वेळ पाळणे जमत नाही. यावर तोडगा त्यांच्या पत्नीने काढला. रात्रपाळीचा आठवडा असेल तेव्हा दाराच्या कडीला लाल दस्ती बांधायची. दस्ती दिसली की त्या टोकाला खेळ नाही. दुसऱ्या टोकाला खेळावे, आणि चेंडू दारावर लागला तर ज्याने मारला त्यानेच जाऊन हळू आवाजात मागायचा. पहिल्या आठवड्यात दस्ती बांधायचीच राहून गेली आणि पुन्हा जुंपली. दुसऱ्या आठवड्यात बरे चालले. आईवडिलांपैकी एक घर अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. ती पेटी त्यांनी मागवली नाही.

चर्चच्या आवाराचे फाटक आता रोज दुपारी ४॥ ते ७ उघडे राहील. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी ८ ते ११ सुद्धा. मिस्सा किंवा अंत्यविधी असेल तेव्हा बंद. किल्ली दोन मोठ्या मुलांकडे दिली आहे. ग्रोटोपुढे जाळी लावायची आहे, त्यासाठी कुणाकडे जुनी माशांची किंवा शेताची जाळी पडून असल्यास आणून द्यावी. सॅक्रिस्टीच्या खिडकीची एक काच पहिल्याच दिवशी गेली आहे. ती मी बसवून घेतो. चेंडू माझ्या अंगणात आला तर बेल वाजवून मागावा, मात्र दुपारी २ ते ४ नको. त्या वेळी मीही झोपलेला असतो.